खळ अमेरिकेची, कव्हर रशियाचं

जून लागला, शाळा सुरू व्हायच्या बेतात आल्या, की आमच्या माजघरात वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचा कारखाना निघायचा. कव्हराला कागद ‘सोविएत देश’ मासिकाचा. गुळगुळीत, जाडसर, रंगीत. कडा चिकटवायला खळ रेशनच्या गव्हाच्या पिठाची, म्हणजे अमेरिकेची. चिठ्ठीवर नाव घालायचं ते थोरल्या भावाच्या चायना पेननं, आणि ते पेन कुणी कुठून आणलं हे बाहेर कुणी विचारलं तर गप्प बसायचं, अशी ताकीद. शाई तेवढी आपली, कॅमलची. एवढं जमून आलं की इयत्ता पाचवीचं मराठीचं पुस्तक तयार. वॉशिंग्टन, मॉस्को आणि पेकिंग ही त्या काळी एकमेकांचं तोंड बघत नव्हती, हे आम्ही पुढे वर्तमानपत्रात वाचलं. आमच्या दप्तरात मात्र तिघांचं बरं चाललं होतं.

आम्ही म्हणजे सोलापूरच्या गिरण्यांच्या आसपास वाढलेली, सन ५०च्या मागेपुढे जन्मलेली पोरं. जुनी मिल आम्हाला नीट कळायला लागायच्या आत बंद पडली, पण लक्ष्मी-विष्णूचा आणि नरसिंग गिरजीचा भोंगा वाजत होता, आणि घरातलं घड्याळ त्यावर लावलं जायचं. आळीत मराठी, तेलुगू, कानडी अशी सरमिसळ. पद्मशाल्यांच्या घरातल्या मागांच्या खटखटीत आमचे पाढे पाठ झाले. घरात खाणारी तोंडं डझनभर, मिळवते हात दोन. तात्या गिरणीत फिटर, अण्णा नगरपालिकेत कारकून. आणि या सगळ्यांवर आजी. तिच्या कमरेला किल्ल्या होत्या आणि कोठीच्या खोलीचं परराष्ट्र धोरण तिच्या हातात होतं.

आमचं खाणं ज्वारीचं. मंगळवेढ्याची मालदांडी बैलगाडीतून दाराशी उतरायची. आजी मूठभर दाणे तळहातावर घेऊन एक दाताखाली फोडायची, मग भाव बोलायची. गहू सणावाराचा, पुरणपोळीला, लग्नाला, फार तर आजारपणात. मग गहू रोजचा झाला. तो कसा झाला याचं उत्तर आळीतल्या सगळ्या बायकांना एका शब्दात ठाऊक होतं : रेशन. त्या शब्दामागे बरंच काही होतं. अमेरिकेनं १९५४ साली आपलं जादा धान्य बाहेर काढायला एक कायदा केला, त्याचा नंबर ४८०. म्हणून पी. एल. ४८०. भारताशी करार झाला १९५६ साली. मे १९६०मध्ये आपल्या मुंबईचे स. का. पाटील अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याबरोबर सही करून आले : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. पैसे रुपयांत. डॉलर नकोत म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? अण्णा हे वाचून खूश झाले होते. आजीनं एवढंच विचारलं, “रुपये घेऊन तो करणार काय? त्याच्या गावात चालतात होय?”

हा प्रश्न मोठा होता. अण्णांना त्याचं उत्तर मिळायला पुढची चौदा वर्षं लागली.

गहू यायचा तो लाल. जाड कातडीचा, खड्यांसकट, आणि बरोबर नाना तऱ्हेचं बी. सुपात घेऊन पाखडायला बसलं की एका बाजूला गहू, एका बाजूला खडे, आणि तिसऱ्या बाजूला ‘काय की बाई’ या सदरात मोडणारं सगळं. ते उकिरड्यावर जायचं. पुण्याच्या माळांवर १९५०च्या दशकात एक नवीन गवत दिसायला लागलं होतं, पांढऱ्या बारीक फुलांचं. आयात गव्हातून ते आलं असं लोक आजही सांगतात. कुणी त्याला गाजर गवत म्हटलं, कुणी काँग्रेस गवत. अंगाला खाज सुटायची. गहू संपला, करार संपले, काँग्रेस गेली-आली. गवत मात्र रेल्वेलाइनच्या कडेनं अजून डुलतंय.

लाल गव्हाची पोळी चिवट व्हायची. गरम असताना खाल्ली तर ठीक, डब्यात नेली तर तोडायला दोन्ही हात लागायचे. पण तिनं आमच्यासारख्या भाकरीच्या घरांना पोळीची सवय लावली, हे कबूल करायला पाहिजे. आधी पोळी फक्त पाहुण्याला. मग आठवड्यातून दोनदा. मग धाकट्यानं भाकरी बघून नाक मुरडलं, आणि आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

सन ६५चं युद्ध झालं आणि लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. शास्त्रीजींनी सोमवारी एका वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं. आमच्या आळीला हसू आलं. सिद्धेश्वराच्या गावात सोमवार करणारी घरं काय कमी होती? “आमचा सोमवार सरकारनं फुकटात घेतला की,” असं आजी म्हणाली, पण त्या वर्षी तिनं सोमवारी पोरांनाही उपाशी ठेवलं आणि वाचलेली दोन पायली ज्वारी शेजारच्या कानडी अव्वाला दिली. तिच्या घरी मागच्या खोलीत चार नातवंडं होती आणि रेशन कार्डावर युनिटं कमी लागलेली होती.

तेव्हा अमेरिकेत जॉन्सन अध्यक्ष होते. त्यांनी चार वर्षांचे करार करणं सोडून गहू थोडा-थोडा सोडायला सुरुवात केली. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला उधारी थकली की महिन्याचं सामान बांधून द्यायचा नाही, रोज पुडीत देईल तेवढं घेऊन जायचं, अगदी तसं. शेती सुधारा, रुपयाचं बघा, आणि व्हिएतनामवर आम्हाला शहाणपण शिकवू नका, असा त्या पुडीबरोबरचा निरोप. १९६६ साली एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं. जहाज मुंबईला लागलं की नाही, याची चर्चा रेशनच्या रांगेत व्हायची. बंदर कधी न पाहिलेल्या बायका जहाजाच्या तारखा सांगायच्या. त्याच वर्षी ६ जूनला रुपया पडला. आदल्या दिवशी डॉलरला पावणेपाच रुपये, दुसऱ्या दिवशी साडेसात. तात्या गिरणीतून आले ते कपाळाला हात लावून. विलायतेहून यायचे ते सुटे भाग आता कोण मागवणार? मग गिरणीतले फिटर ते इथंच ठोकून, कानसून बनवायला लागले. तात्यांच्या हाताला कानशीचे घट्टे होते ते तिथले.

मदतीच्या धान्याच्या पिशव्यांचं वेगळं सांगायला हवं. जाडंभरडं पांढरं कापड, त्यावर निळ्या-लाल रंगात ढाल, ढालीवर तारे, आणि खाली एकमेकांत अडकवलेले दोन हात. अमेरिकन जनतेकडून भेट, विकण्यासाठी नाही, असं इंग्रजीत. पिशवी रिकामी झाली की तिची शिवण उसवायची, दोरा गुंडाळून ठेवायचा, कापड सोड्याच्या पाण्यात उकळायचं. दोन पिशव्यांचा उशीचा अभ्रा. एका पिशवीची धाकट्याची चड्डी. चार पिशव्यांचं आजीचं पुरण गाळायचं फडकं, पाव्हण्यांसाठी गादीचं अस्तर, आणि उरल्यासुरल्याचं वाकळेला ठिगळ. रंग पक्का असायचा. सोड्यानं जायचा नाही, उन्हानं जायचा नाही. आमच्या धाकट्यानं अमेरिकन जनतेची मैत्री दोन वर्षं पार्श्वभागावर वागवली. तेलाच्या चौकोनी डब्यांचं पण तसंच : झाकण कापून, कडा ठोकून, कडी लावून पाण्याला. तो डबा गंजून भोक पडलं की त्यात तुळस.

चीनशी आमचं नातं जरा नाजूक. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ साली पाच डॉक्टर चीनला गेले त्यातले एक, आणि तिथंच १९४२ साली ऐन बत्तिशीत गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला, तो आळीतल्या सगळ्या थोरल्यांनी बघितलेला. त्यामुळे आमच्याकडे चीन म्हणजे आधी कोटणीसांची सासुरवाडी आणि मग बाकीचं. १९५०च्या दशकात भाई-भाईच्या घोषणा दिल्या त्या इतर गावांनी. आमच्या गावाला नातं सांगायला घोषणेची गरज नव्हती.

१९६२च्या ऑक्टोबरात ते सगळं फिरलं. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं, आणि चौकाचौकांत संरक्षण निधीसाठी टेबलं मांडली गेली. बायका रांगेनं येऊन बांगडी, अंगठी काढून द्यायच्या. आजीनं एक वळं दिलं. डोरल्याला हात लावायचा नाही, हे तिनं टेबलावरच्या पुढाऱ्याला आधीच बजावलं होतं. पावती घेतली. घरी येऊन ती पावती आणि थोरल्याचं चायना पेन दोन्ही ट्रंकेत टाकली. पेनची चूक काय, असं थोरल्यानं विचारलं. “त्याला आता सुट्टी,” आजी म्हणाली.

सुट्टी वार्षिक परीक्षेपर्यंत टिकली. कारण पेन तसं होतंच. काळंभोर, सोनेरी टोपणाचं. निब जवळजवळ झाकलेली, फक्त टोक बाहेर. आत रबराची पिशवी आणि तिच्यावर पातळ पोलादी पट्टी. पट्टी दाबून दौतीत बुडवायचं, सोडायचं, दहा आकडे मोजायचे. देशी पेनं खिशात गळायची, हे गळायचं नाही. गणिताच्या पेपराला थोरल्यानं ते गुपचूप काढून नेलं. पुढे सरकारनं आयात बंद ठेवली, पण हिरो पेन मुंबईहून कुणा ना कुणाच्या पिशवीतून येत राहिलं. देशाभिमान आणि अक्षर या दोन गोष्टी आळीनं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. निब झिजली तर पोस्टाजवळ फुटपाथवर एक चाचा बसायचे, ते काचेच्या तुकड्यावर निब घासून द्यायचे आणि मग आपलं नाव लिहून बघायला सांगायचे. सगळी पोरं तिथं स्वतःचं नाव सोडून दुसरंच काहीतरी लिहायची.

सोनं दिलं त्याचा शेवट मात्र आजीला रुचला नाही. १९६३च्या जानेवारीत मोरारजींचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला : नवा दागिना चौदा कॅरेटचाच. चौदा कॅरेटला आजी सोनं म्हणायला तयारच नव्हती. आळीतल्या सोनाराचं दुकान बसलं, तो विड्यांच्या कारखान्यात हिशोबनीस झाला. आत्याचं लग्न त्या वर्षी होतं. तिचे दागिने आजीचे जुने मोडून झाले, रात्री, खिडकीला घोंगडी लावून. कायदा १९९० साली उठला. आत्याच्या लेकीचं लग्न तोवर ठरत आलं होतं.

आणि रशिया. रशियाचं काही खायला यायचं नाही, घालायला यायचं नाही. यायची पुस्तकं. पार्क मैदानाजवळ वर्षातून कधीतरी प्रदर्शन लागायचं; प्रगती, मीर, पुढे रादुगा अशी प्रकाशनांची नावं, आणि किमती अशा की खाऊच्या पैशांत एक यावं. कापडी बांधणी, शिवलेली पानं, पांढराशुभ्र कागद, आणि उघडलं की एक वेगळाच वास. तो वास सांगता येत नाही. ज्यांनी घेतला त्यांना हे वाक्य वाचताना आला असेल. ‘देनिसच्या गोष्टी’ आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी वाचल्या, मुखपृष्ठ गेलं तेव्हा त्यालाही ‘सोविएत देश’चंच कव्हर घातलं. मे महिन्यात सोलापूरचं ऊन चव्वेचाळीसवर, ओलं गोणपाट दारावर टांगलेलं, आणि आम्ही जमिनीवर पालथे पडून बर्फावरच्या घसरगाड्यांच्या गोष्टी वाचतोय. बर्च म्हणजे कसलं झाड ते माहीत नव्हतं. सामोवार म्हणजे पाणी तापवायचा बंब असणार, असं आम्ही ठरवून टाकलं होतं आणि ते फारसं चुकीचं निघालं नाही. थोरला इंजिनीयरिंगला गेला तो पेरेलमान वाचून. ती पुस्तकं आमच्यापर्यंत का पोचताहेत, कुणाच्या पैशानं पोचताहेत, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. अण्णा एकदा म्हणाले होते, “अमेरिका पोटातून येतीय, रशिया डोक्यातून.” आजी म्हणाली, “येऊ द्या. राहायला जागा नाही म्हणावं.”

तिकडे रशियाबरोबरचा व्यवहारही रुपयांत चालायचा. त्यांची यंत्रं, तेल, शस्त्रं इकडे. आपला चहा, काजू, बूट, होजिअरी तिकडे. मुंबईला आमच्या मामांच्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांचा शर्टांचा कारखाना. रशियाची ऑर्डर आली की एकाच मापाचे, एकाच रंगाचे शर्ट महिनोनमहिने. उरलेले नातेवाइकांत वाटले जायचे. आमच्या घरातले सगळे पुरुष एका दिवाळीला खाकी-हिरव्या रंगाच्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या शर्टांत होते. फोटो आहे.

१९७१च्या ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद लागले, आणि निक्सननं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात धाडलं. रेडिओला कान लावून बसलेल्या तात्यांनी त्या रात्री रेशनच्या गव्हाची पोळी बाजूला सारली. आजीनं ती उचलून परत ताटात ठेवली. पोळीवर राग काढायची चाल आमच्याकडे नव्हती.

पण खरी परीक्षा त्यानंतरची. बहात्तरचा दुष्काळ. सोलापूर जिल्ह्यात माळ तापले, विहिरींचे तळ दिसले, माणसं खडी फोडायला गेली. मालदांडी औषधाला मिळेना. आणि रेशनला आली ती लाल मिलो. अमेरिकेत ती गुरांना घालतात, असं कुणीतरी वाचून सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. दाणा बारीक, गोल, तांबूस. दळताना जात्याला चिकटायचा. पिठाला विरी म्हणून नाही. थंड पाण्यात मळलं तर वाळूच. आजीनं मग पाणी खळखळ उकळून, चिमूटभर मीठ घालून त्यात पीठ सोडलं, झाकण ठेवून उकड काढली, आणि ती गरम असतानाच तळव्याला पाणी लावून मळली. तरी भाकरी थापताना कडा फाटायच्याच. ती परातीतून उचलून तव्यापर्यंत न्यायची म्हणजे कसरत; दोन्ही तळहातांवर, श्वास धरून. अर्ध्या वेळा वाटेतच दुभंगायची. मग ती तव्यावर जोडायची आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा. शेंगाची चटणी आणि कच्चं तेल असलं तर घशाखाली उतरायची. कामावरच्या बायकांच्या पोरांना सुकडी मिळायची, ती आम्हाला हवीहवीशी वाटायची. गोड होती ना.

त्याच सुमारास मोठ्यांच्या बाजारात काय चाललं होतं, ते पुढे कळलं. बहात्तरच्या उन्हाळ्यात रशियाचं स्वतःचं पीक बुडालं आणि त्यांनी गाजावाजा न करता अमेरिकेकडून गहू उचलला, इतका की जगात गव्हाचे भाव भडकले. जाहीर सभांत एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले हे दोघे आतून धान्याचा सौदा करत होते. आणि १९७३ साली रशियानं आपल्याला २० लाख टन गहू उसना दिला. उसना, म्हणजे गहू घ्या, पुढे गहूच परत द्या. हे आजीला पटकन समजलं. आळीत वाटीभर साखर अशीच जायची. त्यातला किती गहू अमेरिकेच्या शेतातला होता, हे मात्र तिला कुणी समजावून सांगू शकलं नाही. अण्णांनी प्रयत्न केला. “म्हणजे त्याच्याकडनं घेऊन यानं आपल्याला दिला?” “तसंच काहीसं.” “मग मधल्यानं नाव केलं की.”

आणि त्या रुपयांचं काय झालं? गव्हापोटी अमेरिकेच्या नावे आपल्याकडे रुपयांची रास साठत गेली होती. न्यायची कुठं आणि खर्चायची कशी, हाच प्रश्न. १९७४च्या फेब्रुवारीत त्यांचे राजदूत मॉयनिहान यांनी त्यातला मोठा भाग भारताला परत केला : १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश. गिनेस बुकात नोंद झाली. अण्णांनी ती बातमी आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. आजी तोवर कानानं अधू झाली होती. तिनं आकडा दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, “मी सांगितलं होतं, त्याच्या गावात चालत नाहीत.”

रॉकेलचं सगळ्यांना आठवत असेल, लांबवत नाही. १९७३च्या ऑक्टोबरात अरबांनी तेलाचा नळ आवळला, तीन डॉलरचं पिंप चार महिन्यांत अकराच्या वर गेलं, आणि आळीत डब्यांची रांग लागली. माणसं घरी, डबे रांगेत. डब्याला दोरी, दोरीला चिठ्ठी. आमच्याकडे स्वीडिश बनावटीचा पितळी स्टोव्ह होता. स्वीडन तेव्हा दोन्ही गटांपासून अलिप्त, स्टोव्ह मात्र पक्का भडकू. त्याची पिन, वॉशर, बर्नर, सगळं कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळायचं. पुढे मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं तेव्हा आळीत पेढे वाटले गेले. समुद्राची पाहणी केली होती रशियन जहाजानं, विहीर खणली जपानात बांधलेल्या ‘सागर सम्राट’नं, आणि तेल लागलं ते आपल्याला. रॉकेलची रांग तरी काही लगेच हटली नाही.

मग पुढची वर्षं भराभर गेली. रत्नागिरीकडच्या मावशीचा मुलगा मस्कतला गेला आणि टू-इन-वन घेऊन आला. त्यावर क्रोशाचं कव्हर घालून तो फक्त पाव्हण्यांसमोर वाजवायचा. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेल भडकलं, तिकडे रशिया मोडत होता, आणि १९९१च्या जुलैत देशाचं ४७ टनांच्या आसपास सोनं मुंबईच्या विमानतळावरून लंडनला गहाण ठेवायला गेलं. आत्या तेव्हा साठीला आली होती. बातमी ऐकून ती ट्रंक उघडून बसली. बासष्ट सालची पावती अजून होती.

वर्षभरात ‘सोविएत देश’ यायचं थांबलं, कारण तो देशच राहिला नाही. पुस्तकांचं प्रदर्शन परत लागलं नाही. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा त्याच दशकात बंद झाला, नरसिंग गिरजीचा त्यानंतर. चीन २००१च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत शिरला, आणि गड्ड्याच्या जत्रेत जानेवारीत दुकानं बघितली तर खेळणी, दिव्यांच्या माळा, छत्र्या, पेनं, सगळं तिकडचं. आता ते आणायला कुणाची पिशवी लागत नव्हती. भाव असे की मोडलं तर नवीन घ्या. पोस्टाजवळचे चाचा कधी उठून गेले ते कळलं नाही. २००७ साली हापूस अमेरिकेला जायला लागला, लासलगावला किरणं मारून. त्याबदली त्यांच्या भारी मोटारसायकली इकडे येणार म्हणे. आमच्या थोरल्यानं कॅलिफोर्नियात एका दुकानात तो आंबा बघितला, भाव वाचला, आणि खाल्ला नाही.

कापडाचा धंदा मात्र आळीतून गेला नाही, फक्त रूप बदललं. पद्मशाल्यांच्या पोरांनी टॉवेल धरले. सोलापूरचा टेरी टॉवेल. श्रीमंत देशांनी कापडावर कोटे लावून ठेवले होते, ते २००५च्या जानेवारीत उठले, तेव्हा आळीतल्या पद्मशाली अक्काच्या नातवानं आणखी माग टाकले, त्यांतले काही चिनी. गिऱ्हाईक गल्फचं, युरोपचं, आणि अमेरिकेचं. अमेरिकेचं गिऱ्हाईक मापाला कडक, पण पैसे वेळेवर.

२०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. रशियाचं परदेशांत ठेवलेलं धन गोठवलं गेलं, आणि रशियाचं तेल स्वस्त झालं. पूर्वी आपल्या आयातीत ते जेमतेम दोन टक्के असायचं, ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. आणि गंमत बघा, मे २०२३मध्ये रशियाचे लावरोव्ह गोव्याला बैठकीला आले तेव्हा म्हणाले, आमचे अब्जावधी रुपये तुमच्या बँकांत पडून आहेत, ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. अण्णा आता नाहीत, आजी तर नाहीच. आत्यानं ऐकलं आणि नुसती हसली. नंतर वर्षभरात रिझर्व्ह बँकेनं लंडनमधलं शंभर टनांच्या आसपास सोनं घरी आणून ठेवलं, ही बातमी तिनं स्वतः वाचून आम्हाला सांगितली.

मग २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५ टक्के कर लावला. अक्काच्या नातवाची एक ऑर्डर तयार होऊन, गठ्ठे बांधून, गोदामात होती. गिऱ्हाइकानं कळवलं : कराचा निम्मा बोजा तुम्ही उचला, नाहीतर माल राहू द्या. नातू चार दिवस फोनवर होता. दुबई, पोलंड, कुठं कुठं. थोडा माल गेला. उरला तो आळीत आला, निम्म्या भावात, अमेरिकन दुकानाचा शिक्का असलेला, आणि सगळ्या घरांत तेच टॉवेल दिसायला लागले.

टॉवेल मऊ आहेत, वादच नाही. पण एक टॉवेल अंगावर घेतला की माणूस दिसत नाही. ओला झाला की बादलीएवढा जड, पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही, आणि गॅलरीतल्या दोरीवर दोन टाकले की तिसऱ्याला जागा नाही. आमच्या वहिनींनी शिलाई मशीन काढलं, त्यात तेल घातलं, आणि एकेक टॉवेल मधोमध कापून दोन्ही कडा दुमडून शिवायला घेतल्या. आत्या बाजूला बसून दोरा ओवून देत होती. “तो शिक्का आहे ना,” ती म्हणाली, “तो मधे येऊ देऊ नकोस. कडेला घे. धुतला तरी जायचा नाही तो.”